गामा पहिलवान आणि एका मिनिटाची कुस्ती

आपल्याकडे कोणी अंगाने जाडजूड दिसला की लोक त्याला गामा म्हणतात. पण गामा हे खऱ्याच माणसाचं नाव होतं, हे आपल्या वर्गात पुष्कळांना माहीत नव्हतं. म्हणून या भित्तिपत्रकात मी त्यांचं चरित्र लिहीत आहे. मला ही माहिती थोडी सरांनी सांगितली, थोडी माझ्या आबाजींनी. आबाजी जवानीत कारंज्याच्या आसपासच्या दंगलीत कुस्त्या खेळत. त्यांच्या बक्षिसाचा एक पितळी गडवा अजून आमच्या घरी आहे.

गामांचं पूर्ण नाव गुलाम मोहम्मद बक्ष. त्यांचा जन्म 1878 साली पंजाबात झाला. घराणंच पहिलवानांचं होतं. वडील पहिलवान, आईचे वडीलही पहिलवान. पण गामा लहान असतानाच वडील वारले. मग आईच्या वडिलांनी त्याला सांभाळलं. तेही वारले. नंतर ईदा पहिलवान या नातलगाने त्याला वाढवलं आणि आखाडा शिकवला. (गामा लहान होता तोवर मी त्याला तो म्हणणार आहे. मोठा झाल्यावर ते म्हणेन.)

1888 साली जोधपूरच्या महाराजांनी पहिलवानांची मोठी स्पर्धा ठेवली होती. 400 च्या वर पहिलवान आले होते. बैठका काढायच्या आणि जो शेवटपर्यंत टिकेल तो खरा. एकेक जण थकून बाजूला होत गेला. शेवटी 15 जण उरले, त्यात गामा होता. तेव्हा त्याचं वय होतं 10 वर्षं, म्हणजे माझ्याएवढंच. महाराजांनी एवढ्याशा पोराला पाहून त्यालाच पहिला नंबर दिला. हे ऐकल्यावर मी अंगणात बैठका काढून पाहिल्या. 112 झाल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला खाली बसताना लय त्रास झाला.

त्यानंतर दतियाच्या महाराजांनी गामाला आपल्याकडे ठेवून घेतलं. दतिया आता मध्य प्रदेशात आहे. तिथे त्याची खरी तयारी झाली. मोठेपणी गामा रोज 3000 जोर आणि 5000 बैठका काढत, असं सांगतात. मी हिशेब केला. एका मिनिटाला 25 बैठका धरल्या तरी 5000 बैठकांना 200 मिनिटं लागतात, म्हणजे 3 तास 20 मिनिटं. आणि जोर वेगळेच! गळ्यात दगडी कडं घालूनही ते बैठका काढत. ते कडं पतियाळाच्या क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. त्याचं वजन 95 किलोच्या जवळपास आहे. म्हणजे सिमेंटची जवळजवळ दोन पोती गळ्यात.

बडोद्यालाही गामांची एक खूण आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड हे मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या राज्यात 1902 साली गामांनी एक दगड उचलला, असं सांगतात. तो दगड सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहे आणि त्याचं वजन 1200 किलो आहे म्हणतात. 12 क्विंटल वजन आमची बैलजोडी गाडीत घालून ओढते. मला वाटतं, गामांनी तो हलवला असेल. पण सर म्हणतात की ज्याला शंका आहे त्याने बडोद्याला जाऊन पाहावं.

1910 साली गामा आणि त्यांचे भाऊ इमाम बक्ष बोटीने लंडनला गेले. (हेच इमाम बक्ष पुढे 1912 साली शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात कोल्हापूरला कुस्ती खेळले.) गामांची उंची साडेपाच फुटांच्या थोडीच वर होती. लंडनच्या लोकांनी उंची पाहून त्यांना कुस्तीत घ्यायलाच नकार दिला. मग गामांनी आव्हान दिलं की कोणतेही तीन पहिलवान आणा, अर्ध्या तासात तिघांना पाडतो. अमेरिकेचा डॉक्टर रोलर आला, त्याला गामांनी पाडलं. मग 10 सप्टेंबर 1910 रोजी पोलंडचा झबिस्को समोर आला. तो अंगाने गामांपेक्षा खूप मोठा. पण गामांचा जोर पाहून तो पोटावर पालथा झाला आणि जमिनीला चिकटून राहिला. गामांनी अडीच तासांच्या वर त्याला उलथून पाहिलं, पण तो चीत झाला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढची तारीख 17 सप्टेंबर ठरली. त्या दिवशी झबिस्को आलाच नाही. गामांना जिंकल्याचा पट्टा मिळाला. पण पाठ लावून जिंकलं नाही, हे राहूनच गेलं.

आता मुख्य गोष्ट. त्यानंतर 18 वर्षं गेली. 1928 च्या जानेवारीत पतियाळाच्या महाराजांनी दोघांची कुस्ती पुन्हा लावली. गामा तेव्हा पन्नाशीला आले होते. हजारो लोक पाहायला आले. लोकांना वाटत होतं की आता गामांचं वय झालं, झबिस्को बदला घेणार. कुस्ती सुरू झाली आणि एक मिनिट व्हायच्या आत झबिस्को चीत! जी कुस्ती तरुणपणी अडीच तासांत झाली नाही, ती पन्नाशीत एका मिनिटात झाली. महाराजांनी गामांना चांदीची गदा दिली.

हे सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी विचारलं की म्हाताऱ्या माणसात एवढा जोर आला कुठून? सरांनी दम आणि जोर यातला फरक समजावला. वय झालं की दम आणि चपळाई कमी होत जाते. ताकद बरीच टिकते, पण मेहनत सोडली नाही तरच. सोडली की ती पण जाते. बॉक्सिंगमध्येही असंच असतं. ठोसा मुठीत नसतो. तो टाचेपासून निघतो, कंबर वळते, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. बॉब फिट्झसिमन्स नावाचा बॉक्सर आधी न्यूझीलंडमध्ये लोहारकाम करायचा. वजन फक्त 75 किलोच्या आसपास. तरी 1897 साली तो सगळ्यात वजनदार गटाचा जगज्जेता झाला. 1900 साली वयाच्या 37 व्या वर्षी त्याने एकाच महिन्यात दोन मोठमोठ्या बॉक्सरांना लोळवलं. 1903 साली 40 वर्षांचा असताना तो आणखी एका गटात जगज्जेता झाला. आपल्या गावात पेरणीच्या आधी वखराच्या पासा शेवटायला नेतात, तेव्हा लोहारबाबा घण कसा मारतात ते पाहा. त्यांचे दंड काही फार जाड नाहीत. घण मारताना त्यांचं सगळं अंग खाली येते.

घरी आल्यावर मी आबाजींना हे सांगितलं. त्यांचं म्हणणं वेगळं पडलं. ते म्हणाले की जोर तर झबिस्कोतही होता. हे खरं आहे, कारण तोही तेव्हा पन्नाशीच्या जवळ आला होता आणि 1921 साली, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर, तो जगज्जेता झाला होता. मग गामा का जिंकले? आबाजींच्या मते गामांनी 18 वर्षं ती बरोबरीची कुस्ती डोक्यात ठेवली होती. आता अडीच तास लढायचा दम आपल्यात नाही हेही त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी झबिस्कोला पालथं पडायला वेळच दिला नाही. जवान पहिलवान जोर सगळीकडे सांडत बसतो. जुना पहिलवान सगळा जोर एकाच जागी, एकाच वेळी लावतो. ती जागा कोणती हे कळायला वर्षं लागतात. मला आबाजींचं जास्त पटलं.

माझी आई आबाजींना म्हणते की 67 वर्षांचे झालात, आता आखाड्यात जाऊ नका. ते रोज पहाटे जातातच. कुस्ती धरत नाहीत. पोरांची माती उकरून देतात आणि कोणाचा पाय कुठे चुकला ते सांगतात. हे लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने आबाजींचा दुधाचा पेला भरून ठेवला होता.

1929 साली गामांनी पीटरसन नावाच्या पहिलवानाला असंच थोड्या वेळात पाडलं. नंतर त्यांच्यासमोर उभं राहायला कोणी फारसं तयार होत नव्हतं. 1947 साली फाळणी झाल्यावर ते लाहोरला, म्हणजे पाकिस्तानात राहिले. म्हातारपणी आजाराने त्यांना खूप त्रास झाला. 23 मे 1960 रोजी लाहोरला त्यांचं निधन झालं. तेव्हा ते 82 वर्षांचे होते.