टेबल माउंटन आकाशात नेणारे लाकाय

आकाशाचे ८८ तारकासमूह मानले जातात. त्यांत सर्वांत मंद कोणता, याचे उत्तर आहे मेन्सा. त्याचा सर्वांत तेजस्वी तारासुद्धा पाचव्या प्रतीचा, म्हणजे शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. दक्षिण ध्रुवाच्या इतका जवळ आहे, की महाराष्ट्रातून तो दिसण्याजोगा क्षितिजावर येतच नाही. तरी एका बाबतीत तो एकटाच आहे: पृथ्वीवरच्या एका खऱ्याखुऱ्या डोंगराचे नाव मिळालेला हा एकमेव तारकासमूह. डोंगर म्हणजे केप टाउनचा टेबल माउंटन, आणि नाव देणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला लुई द लाकाय.

लाकाय यांचा जन्म १७१३ मध्ये उत्तर फ्रान्समधील रुमिन्यी गावचा. पॅरिसमध्ये शिकत असतानाच वडील वारले आणि हाती पैसा राहिला नाही. एका सरदाराच्या मदतीने त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण पुरे केले, पण मन गणितात रमले. पॅरिसच्या वेधशाळेतील कासिनी घराण्याने त्यांना हाताशी घेतले. फ्रान्सच्या रेखावृत्ताची नव्याने मोजणी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते माझारँ कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारे लाव्हाझिए हे त्यांचेच विद्यार्थी.

नोव्हेंबर १७५० मध्ये लाकाय जहाजाने निघाले आणि पुढच्या वसंतात केप टाउनला पोहोचले. गाव तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीचे. एका घराच्या मागील अंगणात त्यांनी छोटी वेधशाळा उभारली. ताऱ्यांच्या यादीसाठी वापरलेल्या दुर्बिणीचे भिंग जेमतेम अर्ध्या इंचाचे होते आणि ती आठ पटच मोठे दाखवी. आज मुलांच्या खेळण्यातही याहून बरी दुर्बीण मिळते! दुर्बीण एका जागी पक्की करायची आणि आकाश आपोआप सरकत असताना समोरून जाणाऱ्या प्रत्येक ताऱ्याची वेळ टिपायची, अशी पद्धत. त्यात आग्नेयेचा वारा सुटला की ताऱ्यांचे बिंब थरथरत असे. आठ-आठ तासांच्या शंभराहून अधिक बैठका आणि वर सोळा अख्ख्या रात्री, एवढ्यात त्यांनी जवळजवळ दहा हजार ताऱ्यांची स्थाने नोंदवली. हे सारे एका वर्षाच्या आत. त्याच काळात चंद्राचे अंतर काढण्यासाठी तेही वेध घेत होते आणि जवळपास त्याच रेखावृत्तावर, बर्लिनमध्ये, तरुण लालांदही.

रिकाम्या जागा भरायला त्यांनी १४ नवे तारकासमूह आखले. हॅलीने पूर्वी आपल्या राजाच्या नावाने आकाशात एक झाड लावले होते, ते लाकाय यांनी खुशाल उपटून टाकले. त्यांच्या यादीत कोणी राजा नाही. आहेत ती घड्याळ, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, भट्टी, हवेचा पंप, कंपास अशी हत्यारे. मला ही निवड फार आवडते. अपवाद फक्त टेबल माउंटनचा, ज्याच्या पायथ्याशी त्यांनी रात्री जागवल्या. मोठ्या मॅगेलन मेघाचा एक भाग याच समूहात येतो, जणू त्या डोंगरमाथ्यावर नेहमी पसरणारा पांढरा ढगच.

केपमध्येच त्यांनी आणखी एक काम केले. उत्तरेकडे सुमारे सव्वा अंशाचे अंतर जमिनीवर मोजून एका अंशाची लांबी काढली. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला. याचा अर्थ दक्षिणेकडची पृथ्वी उत्तरेपेक्षा निराळ्या आकाराची. लाकाय यांच्यासारख्या काटेकोर माणसाचा आकडा चूक म्हणायला लोक कचरत होते, आणि खरा मानला तर पृथ्वीचा आकारच बदलावा लागत होता.

१७५४ मध्ये ते पॅरिसला परतले आणि पुन्हा तसेच रात्रंदिवस कामाला लागले. गाऊटचा त्रास होता, पण विश्रांती त्यांनी घेतली नाही. २१ मार्च १७६२ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. दक्षिण आकाशाची त्यांची ताऱ्यांची यादी पुढच्या वर्षी छापून आली.

मोजणीचे कोडे मात्र पडूनच राहिले. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करणारे जॉर्ज एव्हरेस्ट हैदराबादच्या मुलखात तापाने आजारी पडले आणि १८२० मध्ये हवापालटासाठी केपला गेले. लाकाय यांच्या जागा पाहून त्यांना शंका आली, की जवळच्या डोंगरांनी ओळंबा आपल्याकडे ओढला असावा. ओळंबा किंचित कलला की डोक्यावरचा बिंदू सरकतो आणि अक्षांश चुकतो. १८४०च्या दशकात केपचे खगोलशास्त्रज्ञ थॉमस मॅक्लीअर यांनी सगळी मोजणी नव्याने केली. लाकाय यांचे काम उत्तम होते. ओळंबा उत्तर टोकाला पिकेटबर्गने ओढला होता, आणि दक्षिण टोकाला टेबल माउंटनने.