वसईचे संत गोन्सालो गार्सिया : व्यापारी, बंधू, रक्तसाक्षी



कामाच्या रगाड्यात प्रार्थनेस वेळ सापडत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. आपल्या पाचगणीत तर शाळांच्या घंटा, हंगामातील पाहुण्यांची वर्दळ आणि स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतील मेहनत यांत दिवस केव्हा मावळतो हेही कळत नाही. म्हणून या ज्युबिलीच्या मंगल समयी आपल्याच महाराष्ट्रभूमीत जन्मलेल्या एका उद्योगी पुरुषाचे चरित्र मनन करण्याजोगे आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज व माता कोकणची. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले, आणि कोवळ्या वयातच ते त्यांच्यासमवेत जपानास गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनी काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु ती सफळ झाली नाही.

तेव्हा ते व्यापारात पडले. धंद्यास बरकत आली, निरनिराळ्या बंदरांशी व्यवहार जुळले. मनातील जुनी इच्छा विसरण्यास याहून सोयीचा काळ तो कोणता? तथापि भरलेली गाठ त्यांचे अंतःकरण भरू शकली नाही. मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाशी परिचय होताच त्यांनी धंद्याचा त्याग केला व सामान्य बंधू म्हणून ते त्या संघात सामील झाले.

मठात त्यांस विश्रांती लाभली असे मात्र नव्हे. १५९३ साली धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांजबरोबर दुभाषी म्हणून ते पुनः जपानास गेले. सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी बोलणी करणे, लोकांशी संभाषण चालविणे, हा भार त्यांच्या जिभेवर होता. क्योतो येथे बंधूंनी महारोग्यांसाठी रुग्णालयही उघडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संत फ्रान्सिस यांच्या १२२३ सालच्या नियमाप्रमाणे सामान्य बंधूंना लांबलचक स्तोत्रपाठ नेमून दिलेला नाही. त्याऐवजी त्यांनी प्रभूची प्रार्थना म्हणावयाची : रात्रीच्या प्रहरी २४ वेळा, पहाटे ५, दिवसाच्या चार प्रहरी प्रत्येकी ७, सायंकाळी १२ आणि निजण्यापूर्वी ७, एकूण ७६ वेळा. कष्टकऱ्याच्या दिवसात बसेल, निरक्षरासही मुखोद्गत होईल, अशी ही व्यवस्था आहे. काम संपल्यावर उरलेला वेळ देवास देणे नव्हे, तर कामाच्या मध्येच ठरलेल्या वेळी देवाकडे वळणे, हे तिचे मर्म होय.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीच्या आज्ञेने बंधू पकडले गेले. पुढे त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून, ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांस क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत आपले वसईकर गोन्सालो होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांस संतपद दिले.

एवढे धैर्य एका दिवसात येत नाही. रोजच्या लहान निष्ठेतूनच ते वाढते. आपणही सकाळी भ्रमणध्वनी हाती घेण्यापूर्वी एकदा प्रभूची प्रार्थना म्हणावी, दुपारी काम क्षणभर थांबवावे, आणि सायंकाळी सहकुटुंब जपमाळेस बसावे. ज्युबिलीची रोषणाई दोन दिवसांत उतरेल. परंतु घरातील ही ज्योत पुन्हा पेटली, तर ती पुढील पिढीसही प्रकाश देईल.

संत गोन्सालो, आम्हांसाठी विनंती करा.