सर्पशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल

पावसाळा सुरू झाला, की शेतकऱ्याची पेरणीची धांदल उडते. त्याच सुमारास बिळांत पाणी शिरल्यामुळे साप बाहेर पडतात आणि बांधावरील गवतात किंवा गोठ्यातील पेंढ्याआड आश्रय घेतात. अशा वेळी चुकून घोणशीवर पाय पडला, तर प्राणावरच बेतते. अंगावर साखळीसारख्या काळसर ठिपक्यांच्या तीन ओळी असलेली आणि लोहाराच्या भात्यासारखा मोठा फूत्कार टाकणारी ही घोणस महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. शास्त्रीय जगात मात्र तिला एका परदेशी वैद्याच्या नावाने ओळखतात. त्या वैद्याचे नाव पॅट्रिक रसेल.

रसेलचा जन्म इ. स. १७२६ च्या सुमारास स्कॉटलंडमधील एडिंबरो या नगरीत झाला. तेथेच त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्याचा सावत्र बंधू अलेक्झांडर हा सीरियातील अलेप्पो शहरी इंग्रज व्यापाऱ्यांचा वैद्य होता. १७५० साली पॅट्रिक त्याच्याकडे गेला आणि पुढे तीन वर्षांनी बंधूचे पद त्याच्याकडे आले. १७६० ते १७६२ या काळात अलेप्पोत प्लेगने थैमान घातले. जे दिसेल ते बारकाईने पाहावे आणि पाहिले तेवढेच टिपून ठेवावे, ही त्याची शिस्त होती. याच टिपणांच्या आधारे त्याने पुढे प्लेगवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या सेवेवर प्रसन्न होऊन तेथील पाशाने त्याला पगडी धारण करण्याचा मान दिला.

त्यानंतर अनेक वर्षांनी रसेल हिंदुस्थानात आला. १७८१ साली त्याचा दुसरा बंधू क्लॉड याची विशाखापट्टण येथे ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी म्हणून नेमणूक झाली होती. त्याच्या कुटुंबासमवेत पॅट्रिकही तेथे राहू लागला. वयाची पन्नाशी उलटली होती. परंतु ज्ञानाची भूक कमी झाली नव्हती. १७८५ साली कंपनीने कर्नाटक प्रांतातील वनस्पती आदी निसर्गसंपत्तीचा अभ्यास त्याच्याकडे सोपविला. वनस्पती धुंडाळीत फिरताना एका गोष्टीने त्याचे लक्ष वेधून घेतले. सर्पदंशाने माणसे मरत होती आणि कोणता साप विषारी, कोणता निरुपद्रवी, हे खात्रीने कोणालाच सांगता येत नव्हते.

ही अडचण लहान नव्हती. साप ओळखता येत नसल्यामुळे निरुपद्रवी साप चावलेला मनुष्यही भीतीने अर्धमेला होई. उलट, साधा साप समजून विषारी सापाकडे दुर्लक्ष केल्यास प्राण जात. रसेलने नाना जातींचे साप मिळविले. त्यांचे रंग, खवले आणि जबडे तपासले. सापाच्या रंगावरून त्याचे विष ओळखता येत नाही, हे त्याच्या ध्यानी आले. खरी खूण तोंडात होती. विषारी सापाच्या वरच्या जबड्यात इतर दातांहून मोठे असे विषदंत असतात. ही खूण सर्वांना कळावी म्हणून त्याने १७८७ साली एक निबंध तयार केला.

या कामी त्याने स्थानिक लोकांच्या ज्ञानाची उपेक्षा केली नाही. गावकरी ज्या तेलुगू नावांनी सापांना ओळखत, तीच नावे त्याने आपल्या ग्रंथात नोंदविली. मण्यारीच्या कुळाला शास्त्रात जे ‘बंगारस’ नाव आहे, ते सोने या अर्थाच्या तेलुगू शब्दावरूनच आलेले आहे.

त्या प्रदेशातील लोक ‘कटुक रेकुल पोडा’ या नावाच्या सापाला फार भीत असत. ही आपली घोणसच. कोंबड्या आणि कुत्रे यांच्यावर प्रयोग करून रसेलने तिच्या विषाचे परिणाम टिपले आणि घातकपणात नागाच्या खालोखाल तिलाच स्थान दिले.

विषावर उतारा म्हणून त्या काळी तंजावरकडील एक गोळी प्रसिद्ध होती. दंश झालेल्या सर्वच माणसांना मृत्यू येत नाही. कधी साप बिनविषारी असतो, तर कधी विष थोडेच अंगात शिरलेले असते. असा मनुष्य आपोआप बरा होतो आणि श्रेय मात्र औषधाला मिळते. रसेलने त्या गोळीची परीक्षा घेतली. तिचा उपयोग होत नाही, असे दिसून येताच त्याने ते स्पष्टपणे लिहून ठेवले. लोकांना आशा देणारी गोष्ट खोटी ठरविणे कोणालाही सुखाचे वाटत नाही. परंतु खोटी आशा प्राणघातक असते.

मायदेशी परतल्यावर १७९६ साली त्याने हिंदी सर्पांविषयीचा आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने घोणशीच्या शास्त्रीय नामात रसेलचे नाव गुंफले. २ जुलै १८०५ रोजी रसेल निवर्तला. विषावरचा उतारा त्याला अखेरपर्यंत सापडला नाही. परंतु त्याने घातलेल्या पायावर पुढील पिढ्यांना इमारत उभारता आली.

१८९५ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेत याने नागाच्या विषावर प्रतिविष-लस तयार केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत कॅप्टन जॉर्ज लॅम याने नाग व घोणस यांच्या विषांचा रक्तावरील परिणाम तपासला. नागावरची लस घोणशीच्या विषावर चालत नाही, असे त्याला आढळले. याचे कारण दोन्ही विषांच्या स्वभावात आहे. नागाचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर आघात करते, तर घोणशीचे विष रक्तावर. आपल्याला जखम झाली, की रक्तातील काही प्रथिने एकामागून एक जागी होऊन रक्त गोठवितात. घोणशीच्या विषातील प्रथिने ही साखळी अवेळी आणि सर्व शरीरभर सुरू करतात. त्यामुळे रक्त गोठविणारा साठाच संपून जातो. मग रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून व लघवीवाटे वाहू लागते आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. म्हणूनच वैद्य आजही रोग्याचे थोडे रक्त कोरड्या काचनळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते की नाही, हे पाहतात.

विषाच्या याच गुणाचा पुढे औषध म्हणूनही उपयोग झाला. काही लोकांना जन्मतःच असा विकार असतो, की लहानशा जखमेतूनही त्यांचे रक्त वाहतच राहते. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफर्लेन व बार्नेट यांनी घोणशीचे विष दहा हजारांत एक भाग इतके विरल करून अशा जखमांवर लावले आणि रक्त थांबविले. प्राण घेणारे विष ज्ञानाच्या हाती प्राण राखणारे ठरले.

परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. त्याच नावाच्या महामंडळाने पुण्याजवळ पिंपरी येथे घोड्यांच्या साहाय्याने सर्पविषावरील लस निर्माण करण्याचे कार्य केले. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचल्या, की त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. त्यांपासून बनविलेली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते.

असे असूनही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कित्येकदा मांत्रिकाकडे किंवा गावठी उपायांत मोलाचा वेळ जातो. जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळून बांधणे हे सारे घातक आहे. रोग्याला धीर द्यावा, दंश झालेला भाग हलू देऊ नये आणि त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे, हाच मार्ग खरा.

रसेलला रोग्याच्या हाती औषध देता आले नाही. परंतु सापाची खरी ओळख दिली, त्याच्या विषाचे परिणाम नोंदविले आणि जे औषध नव्हते त्याला औषध म्हणण्याचे नाकारले. सत्याची अशी निष्ठेने केलेली लहानशी नोंदही व्यर्थ जात नाही. ती पुढच्या माणसाच्या हाती दिवा होऊन येते.