साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर

फ्लॅट बघायला गेलं की आपण बायका आधी स्वयंपाकघरात शिरतो. ओटा, सिंक, कपाटं हाताशी आहेत ना? हाच हिशेब १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी मांडला.

१८९७ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या मार्गारेटे ऑस्ट्रियातल्या पहिल्या स्त्री-वास्तुविशारदांपैकी एक. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत फ्रँकफुर्टला घरांची मोठी टंचाई होती. तिथली नगरपालिका लहान, स्वस्त घरं बांधत होती. त्यातलं स्वयंपाकघर बाईंकडे आलं. आगगाडीच्या भोजनडब्यातलं चिमुकलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून, हातात स्टॉपवॉच घेऊन त्यांनी एकेका कामाचा वेळ मोजला. जागा जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर! तेवढ्यात खिडकीखाली ओटा, बसून भाजी चिरायला फिरतं स्टूल, तांदूळ-साखरेला ॲल्युमिनियमचे खण. पिठाचे मात्र ओकच्या लाकडाचे, कीड लागू नये म्हणून. सरकतं दार उघडलं की बाजूच्या खोलीत खेळणारं मूल दिसायचं. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली.

गंमत म्हणजे बाईंना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता! पुढे टीकाही झाली: तिथे दुसऱ्याला उभं राहायला जागाच नाही, म्हणजे राबायचं एकटीनंच. मला ती पटते. बाईंचा हेतू मात्र तिचा वेळ वाचवण्याचा होता.

१९४१ मध्ये नाझींविरुद्धच्या कामात त्या पकडल्या गेल्या, १९४५ पर्यंत तुरुंगात होत्या. युद्धानंतर कम्युनिस्ट म्हणून मायदेशात सरकारी कामं फारशी मिळाली नाहीत. २००० साली, १०३ व्या वाढदिवसाला पाच दिवस असताना त्या गेल्या.