मिलोच्या रांगेपासून रोजगार हमीपर्यंत

बोरी अरब (जि. यवतमाळ) : कापूस आणि ज्वारी या दोन पिकांवर दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातील शेतकऱ्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला. याच मातीतील वसंतराव नाईक यांनी पुढे ही दोन्ही पिके राज्याच्या धोरणाच्या केंद्रस्थानी आणली.

पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी बंजारा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपुरात कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे वकिलीचे धडे गिरवले. पुढे पुसदला ते शेतकऱ्यांचे वकील म्हणून ओळखले जाऊ लागले. वत्सलाबाई घाटे यांच्याशी १९४१ मध्ये झालेला त्यांचा आंतरजातीय विवाह त्या काळी खळबळजनक ठरला. नगराध्यक्ष, आमदार, मंत्री अशा पायऱ्या चढत ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. तत्पूर्वी त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या होत्या.

तो काळ धान्यटंचाईचा होता. पीएल-४८० करारानुसार अमेरिकेहून येणाऱ्या धान्यावर देशाची भिस्त होती. जहाज कधी सुटणार, हे वॉशिंग्टनमध्ये ठरे आणि त्यावर येथील रेशनची रांग अवलंबून असे. लाल मिलो खाण्याची वेळ आलेल्या पिढीला ही परवशता चांगलीच ठाऊक होती. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी, अशी जाहीर प्रतिज्ञा नाईकांनी १९६५ मध्ये केली. रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने देशात झालेल्या संशोधनातून संकरित ज्वारी आली होती. ती शेतापर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांनी सरकारी यंत्रणा कामाला लावली. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. 'हायब्रीड'ची भाकरी चवीला कमी आणि पावसात दाणा काळा पडणारा, अशी तक्रार घरोघरी होती. पण उत्पादन वाढले.

स्वयंपूर्णतेचे स्वप्न १९७२च्या दुष्काळाने मात्र पुन्हा दूर नेले. दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ऐन भरात सुमारे ५० लाखांवर गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना याच वर्षी राज्यभर लागू झाली. मजुरांना काम हे दान न राहता हक्क ठरले. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीत शहरी नोकरदाराचा वाटा पडू लागला. केंद्राने २००५ मध्ये केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचाच अनुभव होता.

कापसाची कथा निराळी. दलालांपासून शेतकऱ्याला वाचविण्यासाठी १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार खरेदी पुढे तोट्यात रुतली आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचा एकाधिकार संपला. जागतिक बाजारातील घसरणीची झळ थेट शेतकऱ्याच्या उंबरठ्यावर पोहोचली. शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांना विशेष पॅकेज दिले, त्यात नाईकांचा यवतमाळही होता.

नाईक १९७७ मध्ये वाशीममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून साजरा होतो. धान्याची परवशता संपली. कापसाच्या भावाची मात्र कायम राहिली.