विश्लेषण : किडनी वाचवणारे औषध आणि गाऊटची गोळी... गर्ट्रूड एलियन यांचे दोन शोध एकत्र धोकादायक का ठरतात?

किडनी प्रत्यारोपणानंतर अनेक रुग्णांचे वजन वाढते, रक्तातील साखर चढते, यकृतात चरबी साठते आणि युरिक ॲसिडही वाढते. अशा वेळी सांधेदुखीवर घेतलेली एक नेहमीची गोळी जिवावर बेतू शकते. विशेष म्हणजे ही गोळी आणि प्रत्यारोपित किडनी टिकवणारे एक औषध, या दोन्हींमागे एकच संशोधक होती. नोबेल विजेत्या गर्ट्रूड एलियन यांची ही गोष्ट...

कोण होत्या गर्ट्रूड एलियन?

एलियन यांचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित कुटुंबात झाला. वडील दंतवैद्य होते, पण १९२९ च्या शेअर बाजार कोसळण्यात त्यांची पुंजी गेली. गर्ट्रूड १५ वर्षांच्या असताना आजोबांचे कर्करोगाने निधन झाले आणि या आजारावर औषध शोधायचे त्यांनी ठरवले. हंटर कॉलेजमध्ये फी नव्हती, म्हणून शिक्षण शक्य झाले. १९३७ मध्ये त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या.

लोणच्याचा आंबटपणा का तपासावा लागला?

पदवी उत्तम गुणांनी मिळाली, तरी पुढच्या शिक्षणासाठी आर्थिक मदत कोणी देईना. प्रयोगशाळेत तरुण मुलगी नको, असाच सूर होता. मग त्यांनी मिळेल ते काम केले, शाळेत शिकवले आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून एमएस्सी पूर्ण केले. त्याच वर्षी त्यांच्या नियोजित वराचा हृदयाच्या झडपेला झालेल्या संसर्गाने मृत्यू झाला. पेनिसिलिन तेव्हा उपलब्ध नव्हते. एलियन यांनी पुढे लग्न केले नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळांची दारे महिलांसाठी किलकिली झाली. एलियन यांची पहिली नोकरी मात्र खाद्यपदार्थांची होती. लोणच्याचा आंबटपणा आणि मेयोनीजचा रंग तपासायचा. १९४४ मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना खरे संशोधन मिळाले. नोकरी सांभाळून त्या पीएचडी करत होत्या, पण पूर्णवेळ या, असा आग्रह झाल्यावर त्यांनी पीएचडी सोडली, नोकरी नाही.

पेशींना फसवणारे औषध कसे तयार झाले?

पेशीला विभागताना डीएनएची प्रत काढावी लागते. त्यासाठी प्युरिन नावाचे घटक लागतात. एलियन यांनी प्युरिनसारखेच दिसणारे, पण काम बिघडवणारे रेणू बनवले. वेगाने वाढणारी पेशी हा बनावट माल उचलते आणि तिची वाढ खुंटते. यातून ६-मर्कॅप्टोप्युरिन तयार झाले. ल्युकेमिया झालेल्या मुलांसाठी १९५३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

किडनी प्रत्यारोपणाशी संबंध काय?

१९५४ मध्ये बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी किडनी प्रत्यारोपण यशस्वी केले, पण दाता आणि रुग्ण जुळे भाऊ होते. इतरांच्या शरीरात परकी किडनी टिकत नसे. प्रतिकारशक्तीच्या पेशी वेगाने वाढून तिच्यावर हल्ला करत. या पेशींची वाढही ६-मर्कॅप्टोप्युरिनने रोखता येते, हे बोस्टनमधील डॉक्टरांनी सशांवर दाखवले. ब्रिटिश शल्यविशारद रॉय काल्न यांनी ते कुत्र्यांमधील प्रत्यारोपणात वापरले. बोस्टनला जाताना ते एलियन आणि हिचिंग्ज यांना भेटले आणि त्यांना नवे रेणू मिळाले. त्यातच होते अझाथायोप्रिन. शरीरात गेल्यावर त्याचेच ६-मर्कॅप्टोप्युरिन होते. १९६२ मध्ये या औषधाच्या आधारे मृत दात्याची किडनी रुग्णात वर्षभराहून अधिक काळ चालली. पुढे स्टेरॉइडची जोड मिळाली आणि प्रत्यारोपण नेहमीचा उपचार झाला.

गाऊटची गोळी कुठून आली?

६-मर्कॅप्टोप्युरिनचा शरीरात फार लवकर निचरा होत असे. तो करणारे एन्झाइम म्हणजे झँथिन ऑक्सिडेज. ते अडवण्यासाठी ॲलोप्युरिनॉल वापरले गेले. औषधाचा परिणाम वाढला, पण दुष्परिणामही तितकेच वाढले. फायदा दिसला तो वेगळाच : रुग्णांचे युरिक ॲसिड घटले. कारण युरिक ॲसिडही हेच एन्झाइम बनवते. १९६६ मध्ये ॲलोप्युरिनॉलला गाऊटसाठी मान्यता मिळाली.

मग दोन्ही एकत्र घेतल्यास काय होते?

जे प्रयोगशाळेत दिसले, तेच रुग्णात घडते. ॲलोप्युरिनॉलने निचऱ्याची वाट बंद होते, अझाथायोप्रिनपासून बनलेले औषध साठत जाते आणि अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते. ताप, घसादुखी, तोंडात फोड, सहज येणारे काळे-निळे डाग ही धोक्याची लक्षणे असू शकतात. दोन्ही देणे अटळ असेल, तर डॉक्टर अझाथायोप्रिनचा डोस एक चतुर्थांश ते एक तृतीयांशावर आणतात आणि रक्ततपासणी वारंवार करतात. फेबुक्सोस्टॅट ही गाऊटची दुसरी गोळीही तेच एन्झाइम अडवते, म्हणून ती सुरक्षित पर्याय नाही.

वजन आणि फॅटी लिव्हरचा मुद्दा इथे का येतो?

नवी किडनी बसल्यावर पथ्य सैल होते, भूक परततेच, शिवाय स्टेरॉइड ती वाढवते. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडमुळे मधुमेहाचा धोका वाढतो. पोटावरची चरबी, साखर आणि फॅटी लिव्हर हातात हात घालून येतात. लठ्ठपणा, सायक्लोस्पोरिन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी युरिक ॲसिडही वाढते. म्हणजे गाऊटच्या गोळीची गरज नेमकी याच रुग्णांना पडते. फॅटी लिव्हर बरेचदा लक्षणांविना असते. त्यातच अझाथायोप्रिननेही यकृताचे आकडे बिघडू शकतात, त्यामुळे कारण डॉक्टरांनीच शोधावे लागते.

आज बहुतेक ठिकाणी अझाथायोप्रिनची जागा मायकोफेनोलेटने घेतली आहे. तरीही गर्भधारणेचा विचार असलेल्या महिलांसह काही रुग्णांना ते दिले जाते.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

- भारतीयांमध्ये बीएमआय २३ पासून जास्त वजन, तर २५ पासून लठ्ठपणा मानतात. कंबर पुरुषांत ९० सेंमी आणि महिलांत ८० सेंमीच्या आत हवी.
- साखर, लिपिड, यकृत आणि युरिक ॲसिडच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तशा कराव्यात.
- गाऊटची गोळी, मग ती कोणीही लिहून दिलेली असो, प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.
- प्रतिकारशक्तीची औषधे मनाने बंद करू नयेत.

१९८८ मध्ये एलियन यांना हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल मिळाले, पीएचडी नसतानाच. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. औषध शरीरात कसे मोडते, हे त्या आयुष्यभर शोधत राहिल्या. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या हातातील प्रत्येक नव्या चिठ्ठीबाबत आजही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.