टायगर मॉथचे जनक

आमच्या हाउसमध्ये वायुदलाचा विषय निघाला की सुखोई, राफेल आणि तेजस यांचीच चर्चा होते. मला मात्र ताशी जेमतेम १७५ किलोमीटर वेगाने उडणारे टायगर मॉथ आवडते. एकावर एक अशा दुहेरी पंखांचे हे प्रशिक्षण विमान जेफ्री डी हॅविलंड यांनी घडवले.

जेफ्री यांचा जन्म १८८२ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक होते. आजोबांकडून मिळालेल्या एक हजार पौंडांतून जेफ्रींनी पहिले विमान बांधले. पंखांचे कापड त्यांच्या पत्नी लुईझ यांनी शिवले. डिसेंबर १९०९ मध्ये, हॅम्पशायरमधील सेव्हन बॅरोज या माळरानावर, ते विमान काही क्षण उडाले आणि पंख मोडून कोसळले. जेफ्री बचावले. त्यांनी तेच इंजिन वापरून दुसरे विमान बांधले आणि १९१० साली त्याच माळावर ते स्वतःच उडवायला शिकले. शिकवणारे कोणीच नव्हते.

अशा माणसाने पुढे हजारो वैमानिकांना शिकवणारे विमान बनवले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

१९२० मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. लहानपणापासून त्यांना फुलपाखरे आणि दिव्याभोवती फिरणारे पतंग यांचा नाद होता, म्हणून विमानांना त्यांनी पतंगांचीच नावे दिली. टायगर मॉथ १९३१ साली उडाले. त्यात प्रशिक्षक पुढे आणि शिकाऊ वैमानिक मागे बसे. पुढच्याला पॅराशूटसह सहज बाहेर पडता यावे म्हणून वरचा पंख पुढे सरकवलेला होता. सूचना बोलण्याच्या नळीतून दिल्या जात. हे विमान उडवणे सोपे, पण नीट उडवणे अवघड होते. शिकणाऱ्याची चूक ते लगेच दाखवून देई. अशी आठ हजारांहून अधिक विमाने बनली. स्वातंत्र्यानंतर आपल्या वायुदलाचे वैमानिकही त्यावर शिकले. पुढे त्याची जागा भारतीय बनावटीच्या एचटी-२ ने घेतली.

जेफ्रींनी उड्डाणाची मोठी किंमत मोजली. त्यांचे दोन मुलगे चाचणी वैमानिक होते. जॉन १९४३ मध्ये दोन विमानांच्या टकरीत गेला. थोरला जेफ्री १९४६ मध्ये वेगवान जेट विमानाच्या चाचणीत गेला. तरीही वडिलांनी काम सोडले नाही.

१९६५ साली ते वारले. त्यांच्या अस्थी विमानातून सेव्हन बॅरोजच्या माळावर विखुरल्या गेल्या.

कॅडेट म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. जे त्यांना कोणी शिकवले नाही, ते इतरांना सुरक्षितपणे शिकता यावे यासाठी त्यांनी आपली बुद्धी खर्च केली.